बिघाड अपडेटच्या दिवशी होत नाही

एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ पाच-सात वर्षे कोणी उघडूनही पाहिलेले नसते. मग एके दिवशी होस्टिंग कंपनी सर्व्हरवरचे पीएचपी बदलते, किंवा नव्याने आलेला उत्साही कर्मचारी डॅशबोर्डवरचे ‘अपडेट’चे बटण दाबतो, आणि साइट बसते. समोर पांढरे कोरे पान उरते. त्यावर निकालही लगेच लागतो : अपडेटने घात केला, कशाला हात लावला? या निकालातून पुढचे धोरण ठरते. यापुढे कशालाही हात लावायचा नाही! संकेतस्थळांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा आणि हे धोरण जवळजवळ नेहमीच घातक ठरलेले दिसते.

वेबच्या आरंभी हा प्रश्नच नव्हता. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेतून जी पाने जगापुढे ठेवली, ती साध्या एचटीएमएलमधली होती. मजकूर आणि दुवे, एवढेच. मागे चालणारा प्रोग्राम नाही, डेटाबेस नाही. असे पान आजच्या ब्राउझरमध्येही उघडते. त्याच्याकडे दुर्लक्ष झाले तर ते शिळे होते, मोडत नाही.

मोडण्याची शक्यता सोयीबरोबर आली. रास्मुस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये आपला ऑनलाइन बायोडाटा कोण पाहते हे कळावे म्हणून काही छोटे प्रोग्राम लिहिले आणि जून १९९५ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. त्यातून पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा घडली. मायएसक्यूएल हा डेटाबेसही त्याच वर्षी आला. पान आता आधी लिहून ठेवलेले नसे. वाचकाने मागितले की त्या क्षणी ते तयार होई. या जोडीवर मजकूर सांभाळणाऱ्या प्रणाली, म्हणजे सीएमएस, उभ्या राहिल्या. २००१ च्या जानेवारीत बेल्जियममधील ड्रीस बाउतार्ट या विद्यार्थ्याने ड्रूपल खुले केले. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. कोडची एक ओळही न लिहिता कोणालाही मजकूर प्रसिद्ध करता येऊ लागला. हा लाभ मोठा होता, आणि त्याची किंमत तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही.

खरे तर वर्डप्रेसचा जन्मच दुर्लक्षातून झाला आहे. मिशेल वाल्ड्रीघी यांच्या ‘बीटू’ या प्रणालीवर मॅट मुलनवेग आपले लेखन प्रसिद्ध करत. २००२ च्या अखेरीस बीटूचे काम थंडावले. जानेवारी २००३ मध्ये मुलनवेग यांनी जाहीरपणे लिहिले, की मूळ कर्ता बरेच दिवस दिसत नाही, तर हा कोड घेऊन आपणच पुढे जावे. इंग्लंडमधील माइक लिटल यांनी साथ देण्याची तयारी दाखवली. बीटू जीपीएल या मुक्त परवान्याखाली असल्याने कोणाची परवानगी मागण्याची गरज नव्हती. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांच्या मागे असलेली प्रणाली अशी एका थांबलेल्या कामाची देखभाल कोणीतरी अंगावर घेतल्यामुळे उभी राहिली.

सॉफ्टवेअर झिजत नाही, मग ते जुने का होते? मीर लेहमन यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीचा अभ्यास करून १९७४ मध्येच याचे उत्तर दिले होते. प्रत्यक्ष जगात वापरला जाणारा प्रोग्राम सतत जुळवून घेत राहिला नाही, तर तो दिवसेंदिवस कमी उपयोगी होत जातो, असा त्यांचा पहिला नियम आहे. प्रोग्राम जागेवर असतो, भोवतालचे बदलत असते. संकेतस्थळाच्या बाबतीत हे भोवताल पाच-सहा थरांचे आहे : सर्व्हरची प्रणाली, पीएचपी, डेटाबेस, सीएमएस, त्यावरची थीम आणि प्लगइन, शिवाय वाचकाचा ब्राउझर. प्रत्येकाचे कर्ते वेगळे, वेळापत्रक वेगळे. पीएचपी ५.६ ची सुरक्षा-दुरुस्ती २०१८ च्या अखेरीस थांबली, ७.४ ची नोव्हेंबर २०२२ मध्ये. २०१२ साली कोणी हौसेने लिहून दिलेल्या थीमला या तारखा ठाऊक नव्हत्या, आणि ती लिहून देणारा केव्हाच दुसऱ्या कामाला लागला होता.

म्हणून बसलेली साइट उठवणे हे मुळात तारखा वाचण्याचे काम आहे. एरर लॉगमध्ये ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ हे फंक्शन सापडत नाही अशी ओळ दिसली, की तो कोड कोणत्या काळातला ते कळते. या फंक्शनवर जून २०१३ मध्ये, पीएचपी ५.५ बरोबर, ‘आता वापरू नका’ असा शिक्का बसला आणि डिसेंबर २०१५ च्या ७.० मध्ये ते काढून टाकले गेले. ‘क्रिएट_फंक्शन’ची तक्रार आली तर २०१७ च्या ७.२ पासून मिळत असलेल्या सूचनांकडे कोणी पाहिले नाही आणि २०२० च्या ८.० ने ते फंक्शन काढले, एवढा अर्थ निघतो. रिकाम्या गोष्टीची मोजणी करणाऱ्या कोडला जुने पीएचपी गुपचूप शून्य सांगे, ७.२ ने इशारा दिला, ८.० ने काम थांबवले. साइट उघडते पण मेनू खाली येत नाही, फोटो सरकत नाहीत, तेव्हा बोट जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीकडे जाते. तिचे ‘लाइव्ह’ हे फंक्शन जानेवारी २०१३ मध्ये गेले. वर्डप्रेसने मात्र जुन्या कोडसाठी ‘जेक्वेरी मायग्रेट’ हा आधार ठेवला होता, तो ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीत काढला आणि अनेक साइट अर्धवट लुळ्या पडल्या. या प्रत्येक प्रकरणात सूचना आणि बिघाड यांच्यामध्ये किमान दोन-तीन वर्षांचा काळ मिळाला होता. साइट मोडली ती त्या काळात. अपडेटच्या दिवशी ते फक्त दिसले.

दुरुस्तीलाही ठरलेला क्रम आहे. आधी फाइली आणि डेटाबेस या दोन्हींचा बॅकअप, मग तो अपडेट केलेल्या सर्व्हरवर नव्हे तर वेगळ्या जागी उभा करून त्या प्रतीवर काम. त्यानंतर डीबग लॉग चालू करून त्यातील पहिली घातक चूक वाचायची. खालच्या शंभर ओळी बहुधा तिच्याच परिणाम असतात. डॅशबोर्डच उघडत नसेल तर प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदलायचे, म्हणजे सगळी प्लगइन एकदम बंद पडतात. साइट उठली तर दोषी त्यांच्यातलेच. एकेक चालू करत ते सापडते. नाही उठली तर वर्डप्रेसची मूळ थीम लावून पाहायची. मुखपृष्ठ दिसते आणि आतली पाने सापडत नाहीत, तर पर्मालिंकचे, म्हणजे पानांच्या पत्त्यांचे, सेटिंग पुन्हा जतन केले की बरेचदा भागते. यात बुद्धीपेक्षा संयम लागतो. घाईने दुसरे प्लगइन टाकून पहिले बरे करू पाहणाऱ्यांनी फ्रेड ब्रुक्स यांचे १९७५ सालच्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकातील निरीक्षण ध्यानात ठेवावे : एक दोष दुरुस्त करताना दुसरा घुसण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते.

मराठी संकेतस्थळांच्या वाट्याला याशिवाय एक खास दुखणे आले. मायएसक्यूएल स्वीडनमध्ये घडलेले. आठवी आवृत्ती २०१८ मध्ये येईपर्यंत त्याची मूळ अक्षरव्यवस्था लॅटिन-१ होती आणि वर्णक्रमही स्वीडिश. २००७ च्या २.२ आवृत्तीपूर्वी उभ्या केलेल्या वर्डप्रेस साइट डेटाबेसला आपली अक्षरव्यवस्था सांगतच नसत. युनिकोडमधले देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचे असते. ते तीन बाइट लॅटिन अक्षरे समजून साठवले जात, तसेच परत दिले जात, आणि पडद्यावर मराठी नीट उमटे. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. पुढे कोणी साइट हलवली, नव्या कॉन्फिग फाइलीत यूटीएफ-८ ची ओळ आली, आणि दहा वर्षांच्या लेखांच्या जागी चमत्कारिक रोमन चिन्हांच्या रांगा दिसू लागल्या.

इथे घाबरून केलेली दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा महाग पडते. रोमन चिन्हे दिसत असतील तर बहुतेक वेळा मूळ बाइट शाबूत असतात. अशा वेळी मजकुराचे रकाने आधी बायनरी प्रकारात आणि मग यूटीएफ-८ मध्ये न्यावे लागतात. थेट रूपांतराचा हुकूम दिला, तर डेटाबेस त्या चिन्हांनाच खरा मजकूर मानून पुन्हा सांकेतिक रूप देतो आणि गुंता दुप्पट होतो. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील तर मात्र तो मजकूर गेला; बॅकअपखेरीज इलाज नाही. गंमत म्हणजे मायएसक्यूएलचे जुने ‘यूटीएफ-८’ही पुरे नव्हते. त्यात तीन बाइटपर्यंतचीच अक्षरे मावत. देवनागरीचे त्यावर भागले, पण २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आलेल्या मोडी लिपीच्या प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. वर्डप्रेसने एप्रिल २०१५ च्या ४.२ आवृत्तीत चार बाइटची व्यवस्था स्वीकारली. ज्यांनी ते अपडेट टाळले, त्यांच्या संकेतस्थळावर मोडीतला मजकूर साठवण्याची सोयच नाही. ‘हात लावू नका’ या धोरणात आपल्या लिपीचे असेही नुकसान आहे.

त्याहून मोठा धोका सुरक्षेचा. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रूपल ७ मधील एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती जाहीर झाली. दोन आठवड्यांनी ड्रूपलच्या सुरक्षा गटाने सांगितले, की त्या घोषणेनंतर सात तासांच्या आत जी साइट दुरुस्त झाली नाही, तिच्यात कोणीतरी शिरले आहे असेच समजून चालावे. तुम्ही दुरुस्ती केलेली नसताना साइट दुरुस्त दिसत असेल, तर तेही घुसखोरीचे लक्षण मानावे, कारण काही हल्लेखोर आत शिरून इतरांना वाट राहू नये म्हणून स्वतःच दुरुस्ती करून ठेवत होते. वर्डप्रेसमध्ये जानेवारी २०१७ च्या ४.७.२ आवृत्तीने एक भगदाड बुजवले. आठवड्याने त्याचा तपशील जाहीर होताच अपडेट न केलेल्या साइटवरची लाखो पाने विद्रूप झाली. बंद कपाटासारखी वाटणारी जुनी साइट रस्त्यावरच उभी असते.

अपडेट निर्दोष असतात, असा याचा अर्थ नाही. ५ फेब्रुवारी २०१८ रोजी आलेल्या वर्डप्रेस ४.९.३ मध्ये अशी चूक होती, की तिने आपोआप अपडेट होण्याची यंत्रणाच बंद पाडली. दुसऱ्याच दिवशी ४.९.४ आली, पण ती अनेकांना स्वतः बटण दाबून घ्यावी लागली. ज्या साइटकडे कोणी पाहत नव्हते, त्या तिथेच अडकल्या. ड्रूपलने नोव्हेंबर २०१५ च्या आठव्या आवृत्तीत गाभाच नव्याने बांधला, त्यामुळे सातव्यावरून आठव्यावर जाणे म्हणजे जवळपास नवी साइट उभारणे झाले. छोट्या संस्थांना तो खर्च झेपला नाही. ड्रूपल ७ ची मुदत वारंवार वाढवत अखेर ५ जानेवारी २०२५ पर्यंत न्यावी लागली, यात कर्त्यांचीही कबुली आहे. जुन्याला सांभाळत राहिले की कोड जड होतो, जुने सोडले की माणसे मागे पडतात. या ओढाताणीची तक्रार कर्त्यांकडे जरूर करावी. पण तिचा आधार घेऊन आपली जबाबदारी टाळता येत नाही.

आपल्याकडे संकेतस्थळ हा समारंभ असतो. उद्घाटनाला पाहुणे येतात, कळ दाबली जाते, अहवालात फोटो छापला जातो. उभारणीला देणगी मिळते, देखभालीचा रकाना अंदाजपत्रकात नसतो. डोमेन कोणा माजी कार्यकर्त्याच्या नावावर, होस्टिंगचा पासवर्ड डेव्हलपरच्या वहीत. वर्डप्रेसने मे २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून चांगली सोय केली : प्लगइनने साइट पाडली तर प्रशासकाच्या ईमेलवर दुरुस्तीचा दुवा जातो. आमच्या बहुतेक संस्थांत तो ईमेल संस्था सोडून गेलेल्या माणसाचा असतो. दोष तंत्रज्ञानात शोधला जातो आणि सापडतो कारभारात. कोकणात पाऊस येण्याआधी घर शाकारून घेतात, कारण त्या कामाला वर्षात ठरलेली वेळ आहे. संकेतस्थळाच्या कामाला कॅलेंडरात तशी वेळ कोणी दिलेलीच नाही.

संस्थांपुढे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. मजकूर बदलता ठेवायचा असेल तर देखभालीचा वार्षिक खर्च मंजूर करावा, बॅकअप दुसरीकडे ठेवावा आणि वर्षातून एकदा तो प्रत्यक्ष उभा करून पाहावा, कमीत कमी प्लगइन वापरावीत. मजकूर आता बदलणारच नसेल, जसे संमेलनाची स्मरणिका, बंद पडलेल्या नियतकालिकाचे जुने अंक, तर सीएमएस काढून टाकून सगळी पाने साध्या एचटीएमएलमध्ये गोठवावीत. त्यांना पीएचपी लागत नाही, डेटाबेस लागत नाही, त्यामुळे अपडेटही लागत नाही. सध्या रूढ असलेला तिसरा मार्ग, म्हणजे चालते आहे तोवर चालू द्यावे, हा फुकटाचा वाटतो. त्याचे बिल एकदम येते आणि ते कधी कधी अख्ख्या दप्तराएवढे असते. येत्या वार्षिक सभेत जमाखर्च मंजूर करण्याआधी सभासदांनी तीन प्रश्न विचारावेत. डोमेन कोणाच्या नावावर आहे? शेवटचा बॅकअप कधीचा? आणि प्रशासक म्हणून नोंदवलेला ईमेल आज कोण उघडते? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारावीत.