पाटी एकाची, वस्ती अनेकांची

अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात ‘ग्रीकटाउन’ नावाची वस्ती आहे. तुम्ही म्हणाल, इथं सगळं ग्रीकांचंच असणार! थांबा, आधी इथली चर्च पाहू.

१८८५ साली बांधून झालेलं सेंट मेरी चर्च जर्मनांचं. आधी इथं त्यांचीच घरं होती. ग्रीक मंडळी मागाहून आली. त्यांनी कॉफीची दुकानं, बेकऱ्या थाटल्या आणि वस्तीला नाव मिळालं.

पण मन्रो रस्त्यावरच्या सेकंड बॅप्टिस्ट चर्चची गोष्ट ऐकाच. पूर्वी गुलाम असलेल्या १३ जणांना गोऱ्यांच्या चर्चमध्ये दुजाभाव सोसावा लागे. १८३६ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचं चर्च काढलं. १८५७ मध्ये ते या रस्त्यावर आलं. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना ही माणसं लपवत, जेवू घालत आणि संधी साधून नदीपलीकडे कॅनडात पोचवत. तिथं गुलामगिरी १८३४ सालीच बंद झाली होती. अलीकडे पकडले गेले, तर पुन्हा मालकाच्या ताब्यात. पलीकडे पाय टेकला की सुटका!

पाटीवर नाव एकाचंच मावतं. आता तुम्हीच सांगा, ही वस्ती कोणाची? ग्रीकांची, जर्मनांची, की त्या १३ जणांची?