दुर्बीण घेण्याआधी : पोलीस महासंचालकांना खुले पत्र

मा. पोलीस महासंचालक,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,


पोलीस आधुनिकीकरणाच्या निधीतून रायफलींसाठी ऑप्टिकल साइट, बॅटरी, पट्टे आणि इतर साहित्य घेण्याचे प्रस्ताव आपल्या टेबलावर येत असतील. आले नसतील तर लवकरच येतील. मी पोलीस शस्त्रागारात नोकरी करून निवृत्त झालेला आर्मोरर आहे. हत्यारे उघडणे, पुसणे, दुरुस्त करणे आणि चांदमारीला घेऊन जाणे यात माझी हयात गेली. त्या अनुभवावर एकच विनंती करतो. रायफलीवर काय चढवायचे हे कॅटलॉग पाहून ठरवू नका. ती कोणाच्या हातात असणार, कुठे आणि किती अंतरावर चालणार, हे आधी कागदावर लिहून घ्या आणि मगच खरेदीला हात घाला.

अंतराचा प्रश्न आपल्या दलाला शिकवावा लागू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या मुख्य हॉलमध्ये कसाब आणि अबू इस्माईल हे दहशतवादी एके रायफली घेऊन शिरले, तेव्हा समोरच्या रेल्वे पोलिसांकडे काठ्या आणि .३०३ रायफली होत्या. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढावा लागणारे ते हत्यार. पळणाऱ्या प्रवाशांच्या गर्दीतून दोघांवर नेम धरायचा, तोही मोजक्या मीटरांवर. त्यानंतर कामा रुग्णालयाच्या गच्चीकडचा जिना आणि अंधार, जिथे सदानंद दाते आणि त्यांचे सहकारी जखमी झाले. मग रंगभवनची गल्ली, जिथे करकरे, कामटे आणि साळसकर हे अधिकारी मारले गेले. तिथे अंतर हाकेचेही नव्हते. आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी हातात धरली, तेव्हा अंतर उरलेच नव्हते. पोलिसाच्या रायफलीची कामे अशी असतात. तीनशे मीटरवरचे कागदी टार्गेट त्यात क्वचितच येते.

पुढे फोर्स वन हे विशेष पथक उभे राहिले, शीघ्र प्रतिसाद दले आली, चांगली हत्यारे आली. ते योग्यच झाले. पण विशेष पथक पोहोचेपर्यंतची पहिली मिनिटे ठाण्यातल्या किंवा स्टेशनातल्या अंमलदाराचीच असतात. लॉस एंजेलिसच्या पोलिसांना हे २८ फेब्रुवारी १९९७ रोजी कळले. नॉर्थ हॉलिवूडमधल्या बँकेतून बाहेर पडलेल्या, अंगावर चिलखत चढवलेल्या दोन दरोडेखोरांवर त्यांच्या पिस्तुलांच्या गोळ्या निष्प्रभ ठरल्या आणि काही अधिकाऱ्यांना जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली आणाव्या लागल्या. तिथल्या गस्तीच्या पोलिसांना रायफली देण्याला त्यानंतर वेग आला. म्हणून चांगली साइट आधी विशेष पथकाला आणि उरली तर बाकीच्यांना, असा क्रम लावू नये. विशेष पथकाचा जवान सरावामुळे लोखंडी साइटनेही नेम साधतो. साध्या अंमलदाराला मदतीची गरज जास्त आहे.

त्याचे कारण डोळ्यात आहे. लोखंडी साइटने नेम धरताना मागची खाच, पुढची फोरसाइट आणि लक्ष्य अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या वस्तू एका रेषेत आणाव्या लागतात, आणि नजर फोरसाइटवर स्थिर ठेवावी लागते. विशीतल्या शिपायाला हे जमते. चाळिशी लागलेल्या हवालदाराला ती फोरसाइट पुसट दिसते, आणि आपल्या गार्डवर, नाक्यावर, कोषागाराच्या दारात रायफल घेऊन उभा असलेला माणूस बऱ्याचदा हाच असतो. चांदमारीच्या मैदानावर असे कितीतरी हवालदार मी पाहिले. जुने, शिस्तीचे, हात न हलणारे, आणि तरी टार्गेटवर गोळ्या विखुरलेल्या. त्यांना ‘नेम नाही’ असा शेरा मिळायचा. खोट त्यांच्या हातात नव्हती. रेड डॉट साइटमध्ये लाल ठिपका दूरवर असल्यासारखा दिसतो. माणसाने दोन्ही डोळे उघडे ठेवून समोर पाहायचे आणि ठिपका लक्ष्यावर आला की चाप ओढायचा. भीतीने माणूस समोरच्या धोक्याकडेच टक लावतो, आणि या साइटला तेच चालते. दोन्ही डोळे उघडे राहिल्याने बाजूने धावत येणारे मूलही दिसते. काहींना डोळ्यांच्या दोषामुळे ठिपका गोल न दिसता फाटलेला, चांदणीसारखा दिसतो. खरेदीआधी अंमलदारांची नेत्रतपासणी झाली तर हे वेळेत कळेल.

कोणता रेड डॉट घ्यावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. बंद घराचा घ्यावा. उघड्या प्रकारात ठिपका टाकणारा दिवा मोकळा असतो. त्यावर पावसाचा थेंब किंवा चिखल बसला की ठिपका विस्कटतो किंवा गायब होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या जुलैत उघडा डॉट पाठवणे म्हणजे अंमलदाराला साइटशिवाय उभे करणे. ठिपका दोन एमओएच्या (मिनिट ऑफ अँगल, कोनाचे माप) आसपासचा असावा. शंभर मीटरवर तो साधारण सहा सेंटिमीटर झाकतो, म्हणजे जवळही चटकन सापडतो आणि लांबही लक्ष्य गिळत नाही. होलोग्राफिक साइटची जाळी अनेकांना आवडते, पण ती लेझरवर चालते आणि वीज फार खाते. सतत चालू ठेवली तर सेल महिना-दीड महिन्यात संपतो. एलईडीचा चांगला डॉट मधल्या उजेडावर काही वर्षे चालू राहू शकतो. रात्रपाळीचा माणूस धावत सुटताना बटन शोधत बसणार नाही. ठिपका आधीपासून पेटलेला हवा.

सेल कोणता लागतो, हेही पाहावे. भामरागडच्या किराणा दुकानात पेन्सिल सेल मिळेल. विशिष्ट लिथियम सेल मुख्यालयातून मागवावा लागेल, आणि मागणीपत्राला किती वेळ लागतो हे आपण जाणता.

नामांकित कंपनीचे आहे म्हणून निश्चिंतही राहू नये. २०१५ साली ईओटेक या प्रसिद्ध होलोग्राफिक साइटच्या कंपनीने अमेरिकी सरकारशी तडजोड करून २ कोटी ५६ लाख डॉलर भरले. तापमान बदलले की नेमाचा बिंदू सरकतो आणि दमट हवेतही साइट बिघडते, हे ठाऊक असून लपवल्याचा आरोप त्या कंपनीवर होता. अमेरिकी सैन्याची खरेदी यंत्रणा फसू शकते, तर आपल्याकडे तपासणी किती कडक हवी! चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीत पडलेल्या रायफलीचे तापमान त्याहून बरेच वर जाते.

मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणींचा मोह खरेदी समितीला नेहमी होतो, कारण त्या मेजावर ठेवून पाहताना छान दिसतात. ठाण्याच्या रायफलीला त्या नकोत. एक ते सहा पट मोठे करणारी दुर्बीण जड असते, डोळा ठरावीक जागी आणि ठरावीक अंतरावरच ठेवावा लागतो, आणि पळताना किंवा जिन्यावर वाकून नेम धरताना तो तिथे राहत नाही. गडचिरोलीतल्या सी-६० पथकांची गोष्ट वेगळी. १९९० मध्ये उभे राहिलेले हे दल जंगल ओळखते. तिथे समोरच्याच्या हातात बंदूक आहे की कुऱ्हाड, हे ओळखण्यासाठी काही निवडक जवानांना अशी दुर्बीण उपयोगी पडेल. तेंदूपत्ता तोडायला किंवा मोहफुले वेचायला आलेला गावकरी आणि सशस्त्र माणूस यांतला फरक दिसणे हा तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. रात्रीच्या थर्मल उपकरणांनाही तिथे जागा आहे, पण ती पथकागणिक असावीत, रायफलीगणिक नव्हे.

आता बॅटरीविषयी, म्हणजे रायफलीवर बसवायच्या टॉर्चविषयी. एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील तर डॉटही नंतर घ्या, आधी बॅटरी घ्या. पोलिसाच्या गोळीचा जाब त्याला न्यायालयात द्यावा लागतो, आणि अंधारात कोणावर गोळी झाडली याचा जाब देण्यासाठी आधी तो माणूस दिसावा लागतो. हातात टॉर्च आणि हातातच रायफल, हे दोन्ही एका वेळी नीट जमत नाही. नळीजवळ घट्ट बसवलेली बॅटरी हा प्रश्न सोडवते. निविदेत नुसता ल्युमेनचा आकडा लिहू नका. तो एकूण उजेड सांगतो, झोत किती लांब पोहोचेल ते सांगत नाही. त्यासाठी कँडेलाचा आकडाही मागवा. बटन डाव्या हाताच्या अंगठ्याखाली यावे, चापाच्या आसपास कधीच नको. अमेरिकेत हत्यारावरच्या बॅटरीचे बटन दाबताना चाप दाबला जाऊन गोळी सुटल्याच्या घटना पोलिसांत घडल्या आहेत. आणि प्रत्येकाला साधी हातातली टॉर्च वेगळी द्या. रायफलीवरची बॅटरी चालू असते तेव्हा नळीही तिकडेच रोखलेली असते. नाकाबंदीत गाडीतल्या कुटुंबाचे चेहरे पाहायला ती वापरणे हा गुन्हाच मानावा, आणि तसे लेखी आदेश निघावेत.

पट्ट्याला खरेदीत कुणी महत्त्व देत नाही. दोन ठिकाणी अडकणारा, एका ओढीने सैल-घट्ट होणारा रुंद पट्टा हवा. जखमीला उचलताना, बेड्या घालताना, जिना चढताना रायफल अंगालाच राहिली पाहिजे. हत्यार हिसकावले जाऊ नये म्हणून देशात काही ठिकाणी रायफल साखळीने कमरेला बांधतात. चांगला पट्टा असेल तर साखळी लागत नाही.

याहून जास्त काही घेऊ नये असे मला वाटते. लेझर, दोन पायांचा स्टँड, पुढची उभी मूठ, डॉटमागे लावायचे वेगळे भिंग, यांतले काहीही बंदोबस्ताच्या माणसाला लागत नाही. इन्सास रायफल आधीच चार किलोच्या आसपास भरते. आठ तास उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्याला प्रत्येक शंभर ग्रॅम जाणवतात.

जुन्या रायफलींवर हे साहित्य बसवताना घाई नको. एसएलआर आणि सुरुवातीच्या इन्सासवर साइट बसवायला प्रमाणित रेल नाही. एके रायफलीचे वरचे झाकण साफसफाईसाठी निघते आणि थोडे हलते. त्यावर साधी रेल ठोकून डॉट लावला तर झाकण प्रत्येक वेळी बसवल्यावर नेम सरकण्याची भीती असते. बाजूच्या प्लेटवरचा किंवा बिजागरीने घट्ट धरणारा माउंट लागतो आणि तो साइटइतकाच महत्त्वाचा आहे. प्रत्येक शस्त्रागाराला टॉर्क पाना द्या. स्क्रू ठरल्या जोराने आवळून त्यावर रंगाची बारीक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. या रंगाच्या बाटलीला जवळजवळ काहीच पैसे पडत नाहीत.

आणि आता सर्वात महत्त्वाची सूचना. बहुतेक ठिकाणी रायफल ड्युटीबरोबर बदलते. सकाळी एकाला, रात्री दुसऱ्याला, बट नंबर लिहून दिली-घेतली जाते. साइट बसवल्यानंतर हे चालणार नाही. लोखंडी साइटचे झिरोइंग, म्हणजे साइटचा नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवणे, माणसागणिक बरेच बदलते. डॉटमध्ये हा फरक कमी होतो, पण संपत नाही. त्याहून मोठा धोका म्हणजे कोणीतरी कुतूहलाने फिरवलेला नॉब. रायफल एकाच माणसाच्या नावावर असावी, म्हणजे तिच्या नेमाची जबाबदारीही त्याचीच राहील.

झिरोइंगबरोबर आणखी एक गोष्ट शिकवावी लागेल. साइट नळीच्या वर काही सेंटिमीटर उंच बसते. ५.५६ ची रायफल पन्नास मीटरवर झिरो केली तर गोळी दोनशे मीटरच्या आसपास पुन्हा नेमावर येते आणि मधल्या अंतरात फारसा फरक पडत नाही. पण पाच-सात मीटरवर गोळी ठिपक्याच्या सुमारे पाच-सहा सेंटिमीटर खाली लागते. हल्लेखोराने ओलिसाला पुढे धरले असेल, तर त्या पाच सेंटिमीटरांत ओलिसाचा जीव असतो. हे पुस्तकात वाचून येत नाही. पाच, दहा, पंचवीस मीटरवर प्रत्यक्ष गोळ्या झाडून डोळ्याला दाखवावे लागते. म्हणून साइटच्या खरेदीबरोबरच सरावाच्या काडतुसांची तरतूद त्याच प्रस्तावात असावी. हजार साइट घेऊन गोळ्या नाहीत, यापेक्षा पाचशे साइट आणि भरपूर गोळ्या बऱ्या.

निविदेत सर्वात कमी दराचा नियम असणार, हे मी समजतो. त्याला इलाज आधीच्या कडक अटींचा. पोलीस संशोधन व विकास ब्युरो आणि गृह मंत्रालय गुणात्मक निकष आणि चाचणीच्या सूचना काढतात. त्यात आपल्या राज्याच्या हवामानाच्या अटी जोडाव्यात. डेहराडूनची इंडिया ऑप्टेल ही सरकारी कंपनी आणि इतर देशी उत्पादकही चाचणीत यावेत, पण सगळ्यांना एकच परीक्षा. प्रत्येक नमुना मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात गाडीत ठेवा, जुलैत चिपळूणच्या पावसात रात्रभर उघड्यावर ठेवा, दगडावर पाडा, आणि मग त्याच रायफलीने त्याच टार्गेटवर गोळ्या झाडा. झिरो सरकला तो नमुना बाद. झाडणाऱ्यांमध्ये निम्मे चाळिशी ओलांडलेले हवालदार आणि महिला अंमलदार असू द्या. त्यांच्या गालाला दस्ता नीट लागतो का, हात बटनापर्यंत पोहोचतो का, हे त्यांनाच विचारा. चाचणीचा अहवाल खरेदीआधी सर्व घटकप्रमुखांना पाठवावा, आणि त्याखाली सह्या करणाऱ्यांत किमान एक आर्मोरर आणि एक हवालदार असावा, एवढी मागणी आपल्यापुढे ठेवतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पोलीस आर्मोरर