वास हा पहारेकरी, कुलूप नव्हे

कणगीत कडुनिंबाचा पाला, डब्यात लसणाच्या पाकळ्या, मसाल्यात हिंगाचा खडा ठेवण्याची रीत सातारा-सांगलीकडील घराघरांतून आढळते. ती निराधार नाही. कीटक आपल्या शृंगिकांनी वास घेऊन अन्न शोधतो. उग्र वासाची कित्येक द्रव्ये वनस्पतींना किडींपासून संरक्षण देतात. म्हणूनच अनेक कीटक त्यांपासून दूर राहतात.

परंतु एवढ्यावरच विसंबणे हिताचे नाही. हळदीचेच उदाहरण घ्यावे. तिच्या वासाने काही भुंगेरे परततात. तरी तंबाखूस लागणारा भुंगेरा साठविलेली हळकुंडेही पोखरतो. सांगलीजवळील हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिके, ती वासामुळे नव्हे. बंद पेवातील प्राणवायू संपून कीड जगत नसे म्हणून. शिवाय वास कालांतराने उडून जातो, आणि दाण्याच्या आत शिरलेल्या अळीचे तो फारसे काही बिघडवू शकत नाही. असा पोखरलेला दाणा खाण्यास निकस, पेरण्यास निरुपयोगी.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे की, आधी वाळवण, मग वास. धान्य दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत उन्हात वाळवावे व थंड झाल्यावर स्वच्छ, घट्ट झाकणाच्या कोठीत भरावे. कडधान्यास किलोमागे सुमारे 5 मिलिलिटर खाद्यतेल चोळल्यास भुंगेऱ्यांची पैदास पुष्कळ कमी होते. पाला अवश्य घालावा, पण सुकवून. ओल्या पाल्याने बुरशी येते.

ग्रामसेवकांनी हा क्रम विशेषतः गृहिणींस समजावून द्यावा. जुनी रीत सोडू नये. मात्र सारा भार तिच्यावर टाकू नये.