डेमो डेनंतरची दोन वर्षे

आरोग्य क्षेत्रातल्या स्टार्टअपांची एखादी तुकडी ॲक्सिलरेटर कार्यक्रमातून बाहेर पडली की बातमी ठरलेल्या साच्यात येते. कंपन्या किती, मार्गदर्शन किती आठवड्यांचे, गुंतवणूक किती कोटींची. सोबत मंचावर प्रमाणपत्र घेऊन उभ्या असलेल्या तरुण संस्थापकांचे छायाचित्र. त्यांच्या मेहनतीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण या बातमीत रुग्ण सहसा नसतो, आणि त्याचा दोष एकट्या बातमीदाराला देता येणार नाही. कार्यक्रमाची आखणीच बहुधा तशी असते.

हा साचा रूढ केला तो अमेरिकेतल्या वाय कॉम्बिनेटरने, २००५ मध्ये. थोडे बीजभांडवल, सुमारे तीन महिने अनुभवी लोकांचा सल्ला आणि शेवटी गुंतवणूकदारांपुढे काही मिनिटांचे सादरीकरण, म्हणजेच डेमो डे. सॉफ्टवेअरसाठी ही पद्धत उत्तम चालली. फोनवरच्या ॲपमध्ये चूक राहिली तर आठवडाभरात नवी आवृत्ती देता येते. नवजात बाळाची तपासणी करणाऱ्या यंत्राला ही मुभा नसते.

नवजात बाळाचा उल्लेख इथे उगाच केलेला नाही. जन्मतःच कायमचा श्रवणदोष असलेली बाळे दर हजारांमागे निदान एक-दोन तरी असतात. बाळ दिसायला सुदृढ असते, हसते, रडते. घरच्यांना शंका येते ती वर्ष-दीड वर्षाने, बोलणे सुरू होत नाही तेव्हा. तोवर भाषा शिकण्याचा मोलाचा काळ निघून जाऊ लागलेला असतो. म्हणून जगभर मानला जाणारा दंडक असा: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना सुरुवात.

ही चाळणी स्वस्तात करणारे एक देशी यंत्र २०१७ मध्ये आले. एम्स आणि आयआयटी दिल्ली यांच्याशी जोडलेल्या बायोडिझाइन उपक्रमातून घडलेल्या तरुणांच्या ‘सोहम’ या स्टार्टअपने ते तयार केले. बाळाच्या डोक्याला तीन इलेक्ट्रोड लावायचे, कानात आवाज द्यायचा आणि मेंदूचा प्रतिसाद टिपायचा. बाळाला गुंगी द्यावी लागत नाही, आणि आसपासचा गोंगाट यंत्रच गाळून टाकते. आपल्या प्रसूती कक्षांत शांतता किती असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या शेवटच्या सोयीचे मोल कळेल. या उपक्रमातल्या उमेदवारांना आधी रुग्णालयात पाठवतात. तिथे नुसते बघायचे, अडचण नेमकी कुठे आहे ते शोधायचे, मग यंत्राचा विचार करायचा. तीन महिन्यांत उरकण्यासारखे हे काम नव्हे.

आता असे कुठलेही यंत्र राज्यातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचले असे धरू. साधी प्रसूती झालेली आई दोनेक दिवसांत घरी जाते. त्या दोन दिवसांत परिचारिकेला वेळ मिळाला तर तपासणी होणार. कानात जन्मावेळचा द्रव किंवा चिकट थर असला तर निष्कर्ष येतो ‘पुन्हा तपासा’. पुन्हा कधी? आई बाळंतपणाला माहेरी आलेली असते. नोंद माहेरच्या पत्त्यावर, सव्वा-दोन महिन्यांनी मुक्काम सासरी, कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात. यंत्राने आपले काम चोख केले, तरी बाळ हातातून निसटले. पुढे श्रवणतज्ज्ञ, श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट, मग वाचा-उपचार, अशी लांब साखळी असते. इम्प्लांटचा खर्च लाखांच्या घरात जातो. केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र मुलांना त्यासाठी मदत मिळते; पण तिथवर पोहोचायला आधी निदान हवे.

ही साखळी कागदावर आहेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली आणि त्याच्या आजार-दोषांच्या यादीत जन्मजात बहिरेपणाचाही समावेश आहे. स्टार्टअपचे यंत्र या साखळीत बसते की तिच्याबाहेर लोंबकळत राहते, हा खरा प्रश्न. डेमो डेच्या सादरीकरणात त्याला एखादी स्लाइडही मिळत नाही, कारण समोर बसलेल्यांना बाजारपेठ किती मोठी आहे ते ऐकायचे असते.

मदत करणाऱ्या संस्था आपल्याकडे नाहीत असे नाही. २०१२ मध्ये स्थापन झालेली केंद्राची बायरॅक ही संस्था सुरुवातीच्या कल्पनेसाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते, तेही १८ महिन्यांसाठी. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे. आयआयटी मुंबईतले बेटिक केंद्र डॉक्टर आणि अभियंते यांना एका टेबलावर बसवते. परवान्याचीही वाट आखलेली आहे. २०१७ ची वैद्यकीय उपकरण नियमावली जानेवारी २०१८ पासून लागू झाली आणि एप्रिल २०२० पासून सारीच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली. मात्र परवान्याने यंत्र सुरक्षित आहे आणि सांगितलेले काम करते एवढेच कळते. त्याने कोणाचे भले होते का, ते सरकारी पैशात परवडते का, हे वेगळे तपासावे लागते. त्यासाठी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने ‘एचटीए-इन’ ही व्यवस्था उभी केली आहे. ॲक्सिलरेटरच्या अभ्यासक्रमात तिची गाठ पहिल्याच महिन्यात घालून द्यायला हवी.

राहिला प्रश्न खरेदीचा. महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहात निवड झालेल्या २४ स्टार्टअपांना सरकारी विभागांत प्रायोगिक कामासाठी कार्यादेश देण्याची पद्धत आहे. कल्पना चांगलीच. आरोग्याच्या यंत्राबाबत मात्र हा प्रयोग संपल्यावर इलेक्ट्रोड कोण पुरवणार, वर्षाकाठी यंत्राची अचूकता कोण तपासणार, बिघाड झाल्यास गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये दुरुस्तीला कोण जाणार, याची तरतूद त्याच कार्यादेशात असायला हवी. नाहीतर सरकारी दवाखान्यातल्या कपाटात फडक्याखाली झाकलेल्या यंत्रांत आणखी एकाची भर पडते, आणि ते देशी बनावटीचे असल्याचे समाधान तेवढे उरते.

अनुदान देणाऱ्यांनी, मग ते सरकार असो वा एखाद्या कंपनीचा सामाजिक निधी, ॲक्सिलरेटरकडून दोनच आकडे मागावेत, तेही प्रमाणपत्र दिल्यापासून दोन वर्षांनी. बाहेर पडलेल्या कंपन्यांची किती यंत्रे आज सरकारी रुग्णालयांत रोज वापरात आहेत? आणि तपासणीत दोष आढळलेल्यांपैकी किती रुग्ण पुढच्या उपचारापर्यंत पोहोचले? पहिला आकडा कंपनीला स्वतःच देता येईल. दुसऱ्यासाठी तिला आशाताईंशी, परिचारिकेशी आणि जिल्हा रुग्णालयातल्या श्रवणतज्ज्ञाशी बोलावे लागेल.