विषाणूचा पानाआतला प्रवास आणि फवारणीची मर्यादा

सन २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले, संगमनेर या पट्ट्यातील टोमॅटोची फळे एकसारखी न पिकता त्यांवर पिवळे, हिरवे, तांबडे डाग दिसू लागले. टाळेबंदीचे दिवस होते. ‘तिरंगा व्हायरस’ हे नाव वाऱ्यासारखे पसरले. हा रोग टोमॅटो खाणाऱ्याला होतो, अशी निराधार आवईही उठली आणि बाजार कोसळण्याची वेळ आली. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले. त्यांत आढळला तो काकडीवरील मोझॅक विषाणू, म्हणजे सीएमव्ही. मावा या किडीमार्फत पसरणारा हा विषाणू हजारावर वनस्पतींवर जगतो. मात्र अहवाल येईपर्यंत शेतकऱ्यांनी एकामागून एक फवारण्या उरकल्या होत्या. कीटकनाशक, बुरशीनाशक, सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि ‘व्हायरसवरचे औषध’ म्हणून विकले जाणारे काहीही.

या खर्चाला गावोगावी मिळणारा सल्लाही काही अंशी कारणीभूत आहे. विषाणू म्हणजे वाहक कीड आणि वाहक कीड म्हणजे फवारणी, असे समीकरण विस्तार यंत्रणेच्या बैठकांत इतके रुळले आहे की किडीने सोंड काढून घेतल्यानंतर पानात काय घडते, याची चर्चाच होत नाही. कीटकशास्त्राने या प्रश्नावर आपला हक्क जरा जास्तच सांगितला आहे. कीड विषाणूला एका पेशीच्या दारापर्यंत आणून सोडते. त्यापुढे झाडभर होणारा प्रवास विषाणू स्वतः घडवून आणतो.

हा प्रवास सोपा नाही. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीला भिंत असते. शेजारच्या पेशीत जाण्यासाठी त्या भिंतीत प्लाझ्मोडेस्माटा नावाचे अतिसूक्ष्म मार्ग असतात. पण त्यांतून साखरेसारखे लहान रेणूच सहज जाऊ शकतात. तंबाखू मोझॅक विषाणूचा कण १८ नॅनोमीटर जाड आणि ३०० नॅनोमीटर लांब. तो जसाच्या तसा त्यातून जाणे अशक्य. म्हणून विषाणू ‘मूव्हमेंट प्रोटीन’, म्हणजे वहन-प्रथिन, तयार करवून घेतो. या प्रथिनाची दोन कामे प्रयोगाने सिद्ध झाली आहेत. हे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकपरिवर्तित तंबाखूत या मार्गांची क्षमता सुमारे ८०० डाल्टनवरून ९,४०० डाल्टनच्याही पुढे गेल्याचे १९८९ मध्ये दिसले. पुढच्याच वर्षी सिटोव्स्की, झॅम्ब्रिस्की आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हेच प्रथिन एकेरी धाग्याच्या आरएनएला घट्ट चिकटते. एक रेणू बसला की त्याला लागून दुसरा अधिक सहज बसतो. प्रत्येक रेणू ४ ते ७ न्यूक्लिओटाइड व्यापतो आणि गुंडाळलेला आरएनए सरळ, बारीक दोरीसारखा होतो. दोरा ओवण्यापूर्वी त्याचे टोक पिळून बारीक करावे, तसाच हा प्रकार. विशेष म्हणजे ही पकड आरएनएच्या अक्षरक्रमावर अवलंबून नसते.

सर्व विषाणूंची रीत मात्र एक नाही. सीएमव्हीचे ३ए प्रथिन आरएनएला चिकटतेच. पण त्याच्या प्रसाराला आवरण-प्रथिनाचीही साथ लागते. टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली या पांढऱ्या माशीच्या विषाणूत डीएनए केंद्रकातून बाहेर आणणारे प्रथिन वेगळे आणि पुढच्या पेशीत पोचवणारे वेगळे. बंगळुरूत राजाजीनगरहून मल्लेश्वरम ओलांडले की भारतीय विज्ञान संस्था लागते. तेथे एच. एस. सावित्री यांच्या गटाने भुईमुगावरील शेंडेमर विषाणूच्या एनएसएम प्रथिनाचा अभ्यास केला. हे प्रथिन पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेची रचनाच बदलून टाकते, असे त्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. फुलकिड्यांमार्फत येणारा हा विषाणू टोमॅटोवरही तेवढाच घातक आहे. आपल्याच पिकाच्या रोगावर, आपल्याच शेजारच्या राज्यात झालेले हे काम मराठी विस्तार साहित्यात क्वचितच उमटते, ही खंत आहे.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय, असा प्रश्न रास्त आहे. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. मावा सीएमव्ही काही सेकंदांत उचलतो आणि तितक्याच झटपट पुढच्या झाडाला देतो. कीटकनाशक त्याला मारेपर्यंत काम झालेले असते. काही वेळा औषधाने बेचैन झालेला मावा उलट जास्त झाडांना सोंड लावत फिरतो. पानावर लक्षण दिसेपर्यंत विषाणू पेशीमागून पेशी ओलांडून शिरांत आणि तेथून शेंड्यापर्यंत पोचलेला असतो. अशा झाडाला बरे करणारी फवारणी नाही. ते झाड उपटणे हाच उपाय, आणि तोही लवकर. पांढरी माशी व फुलकिड्यांच्या विषाणूंबाबत वाहक नियंत्रणाला अधिक अर्थ आहे; पण तेथेही रोपवाटिकेतील नायलॉनची जाळी आणि कडेच्या मक्याच्या ओळी लागवडीआधीच हव्यात.

दुसरी गोष्ट बियाण्याच्या पाकिटाची. टोमॅटोतील टीएम-२ स्क्वेअर हे प्रतिकारक जनुक टोमॅटो मोझॅक विषाणूच्या वहन-प्रथिनालाच ओळखून त्याला रोखते. कित्येक दशके ते टिकले. २०१४ मध्ये इस्रायलमध्ये टोमॅटो ब्राउन रुगोज विषाणू या जनुकाच्या वाणांवर दिसला. त्याचे वहन-प्रथिन या पहारेकऱ्याच्या नजरेतून निसटते. तो हातांनी, कात्रीने, बांधणीच्या सुतळीने पसरतो. त्याला मावाही लागत नाही. पाकिटावर ‘टीओएमव्ही’ लिहिलेला वाण सीएमव्हीला प्रतिकारक नसतो, हे तर विक्रेत्यांनाही बहुधा ठाऊक नसते.

म्हणून कृषी सहायकांच्या प्रशिक्षणात वाहक किडींच्या तक्त्याशेजारी आणखी एक रकाना हवा: विषाणू आत कसा सरकतो आणि वाणातील प्रतिकार त्यातले नेमके काय अडवतो. जुन्नरच्या पुढच्या उन्हाळी हंगामाची रोपे टाकण्याआधी हा तक्ता हाती पडला, तर निदान ‘व्हायरसवरचे औषध’ मागणाऱ्या शेतकऱ्याला काय सांगायचे, ते ठरलेले असेल.