दाखला मिळाला, तयारी कुठे आहे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून गुणवंतांचे सत्कार होतात. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना हार घातले जातात, मुलांना वह्या-पुस्तके दिली जातात, आयांच्या डोळ्यांत पाणी येते. हे झालेच पाहिजे. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्याने आपल्या लेकरांचे कौतुक करायचे नाही तर कोणी करायचे?

परंतु मंडप उतरल्यावर पुढच्या आठवड्यात काय घडते, तेही आपण पाहिले पाहिजे. तीच मुले हातात कागद घेऊन कुणाच्या तरी दारात उभी असतात. जातीच्या दाखल्याला कोणते पुरावे लागतात? जात पडताळणीचा अर्ज कुठे करायचा? महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज का अडकला? शेवटी केंद्रवाला मागेल तेवढे पैसे देऊन मुलगा परत येतो. बारा वर्षे शाळेत काढलेल्या मुलाला स्वतःच्या हक्काचा अर्ज भरता येत नसेल, तर त्या बारा वर्षांत त्याला शिकवले तरी काय, असा आमचा प्रश्न आहे.

व्याजाचेच पाहा. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज आपली मुले शाळेत शिकतात, त्यावर मार्कही मिळवतात. आणि घरात आईने १०,००० रुपयांचे कर्ज घेतले, दरमहा १,००० रुपयांचे १२ हप्ते ठरले, तर सगळे घर म्हणते, "दोन हजारच तर जास्त जाणार, म्हणजे २० टक्के." हे खरे नाही. मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, दहा हजार रुपये वर्षभर आपल्या हातात राहतच नाहीत. नीट हिशेब केला तर हा व्याजाचा दर वर्षाला सुमारे ३५ टक्के पडतो. गणितात ऐंशी मार्क मिळवलेला मुलगा शेजारी बसलेला असतो. पण वहीतले गणित आणि आईच्या हातातले कर्जाचे पुस्तक यांचा काही संबंध आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

नोकरीतही तेच. कंत्राटदाराकडे लागलेला आपला तरुण पगाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते न वाचता सही करतो. भविष्य निर्वाह निधीचे पैसे कापले गेले, ते खात्यात जमा झाले की नाही हे कसे पाहायचे, त्याला ठाऊक नसते. यात मुलांचा दोष नाही. शाळेने त्यांना परीक्षेसाठी तयार केले, जगण्यासाठी नाही.

हा प्रश्न आजचा नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता यावे, हिशेब यावा, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख व्हावी, शेतीचे प्राथमिक ज्ञान मिळावे, नीती आणि आरोग्याचे धडे असावेत. यात मोडीचे महत्त्व लक्षात घ्या. त्या काळी सावकाराची खतपत्रे आणि गावचे दप्तर मोडीत असे. ज्याला मोडी वाचता येत नसे, तो दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर अंगठा उठवत असे. आजची मोडी म्हणजे ऑनलाइन अर्ज, कर्जाचा करारनामा आणि पगारपत्रक. लिपी बदलली, अंगठ्याची सही झाली; पण न वाचता सही करणारा आजही फसतोच.

मग कोणी म्हणेल, सरकार आता व्यवसाय शिक्षण आणतेच आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली होती. त्याचे पुष्कळ शाळांत काय झाले ते आमच्या वाचकांना आठवत असेल : खडू आणि कागदी फुले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे. त्या दिवसांत मुलांनी गावातील सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे काम शिकावे, अशी कल्पना आहे. हाताच्या कामाला आमचा विरोध नाही. आमच्या बापजाद्यांनी हातानेच हा देश उभा केला. पण येथे आम्ही एक गोष्ट विसरणार नाही.

१९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण भागासाठी एक योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत यावे आणि उरलेल्या वेळात घरी बापाचा धंदा शिकावा. ऐकायला गोड वाटते. पण चांभाराच्या मुलाने चामडे, धोब्याच्या मुलाने कपडे आणि भटजीच्या मुलाने पोथी, असाच त्याचा अर्थ होता. पेरियार रामस्वामी आणि द्रविड चळवळीने तिला कुलशिक्षण म्हणून कडाडून विरोध केला. १९५४ साली राजाजींना पद सोडावे लागले आणि त्यांच्यानंतर आलेल्या कामराज यांनी ती योजना रद्द केली. जगण्याची तयारी म्हणजे जातीच्या धंद्याची तयारी नव्हे, हा त्या लढ्याचा धडा आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे. काम शिकवायचे तर सर्व मुलांना सर्व कामे शिकवा. पाटलाच्या मुलालाही चप्पल शिवता आली पाहिजे, आणि आमच्या मुलीलाही विजेचे मीटर, संगणक आणि बँकेचा व्यवहार समजला पाहिजे. निवड मात्र मुलाची असावी, जन्माची नको.

बौद्ध म्हणून तर हा विचार आपल्या घरचाच आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात राजगृहाजवळ एक तरुण ओल्या वस्त्रानिशी सहा दिशांना नमस्कार करताना भगवंतांना भेटतो. भगवंत त्याला सांगतात की आईबाप, गुरू, पत्नी, मित्र, कामगार आणि श्रमण याच खऱ्या दिशा. मुलाला विद्या, कला शिकवणे हे आईबापांचे कर्तव्य. कामगाराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम, अन्न-वेतन, आजारपणात शुश्रूषा आणि वेळेवर सुटी देणे हे मालकाचे कर्तव्य. मिळकतीचे चार भाग करावेत : एक खर्चाला, दोन उद्योगाला आणि एक अडचणीच्या दिवसासाठी. संसाराला लागणाऱ्या तरुणाला याहून नेमके शिक्षण कोणते द्यायचे?

बाबासाहेबांनीही शिक्षण म्हणजे केवळ पदवी मानली नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. विधेयक मांडावे कसे, विरोध करावा कसा, हे मुले तेथे स्वतः करून शिकत. लोकशाहीतला नागरिक पाठांतराने घडत नाही.

आता आपण काय करायचे? शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. दुर्बल घटकांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. माताभगिनींनो, त्या समितीच्या सभेला जा. नुसत्या हजेरीवर सही करून परत येऊ नका. व्याजाचे गणित कर्जाच्या खऱ्या पुस्तकावर शिकवा, नागरिकशास्त्राच्या तासाला माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून घ्या, असे गुरुजींना आदराने पण ठामपणे सांगा.

आणि शाळा ऐकेपर्यंत आपली विहारे आहेत. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करतो. त्या तीन महिन्यांत दर रविवारी वंदनेनंतर एक तास मुलांसाठी ठेवा. वस्तीत बँकेत, तहसील कचेरीत, न्यायालयात नोकरी करणारे किंवा निवृत्त झालेले कोणीतरी असतेच; त्यांना बोलवा. एका रविवारी दाखले, दुसऱ्या रविवारी पगारपत्रक, तिसऱ्या रविवारी कर्ज. मुलींना पुढे बसवा, कारण घरचे कागद उद्या त्यांच्याच हाती असावेत. फळा, खडू आणि एक सतरंजी एवढ्यावर हे काम होते.

सत्कार करूच. पण पुढच्या वर्षी सत्काराच्या मंचावर ज्याने स्वतःचा अर्ज स्वतः भरला आणि शेजाऱ्याचाही भरून दिला, त्या मुलालाही एक हार घाला.

जयभीम!