गिअर ऑइल : मेस्त्रींच्या सवयीचं की पुस्तकातलं?

या पानावर आपण बेळगावच्या वाड्यांच्या, शाळांच्या, कुंद्याच्या आठवणी लिहितो. आज जरा तेलकट विषय काढतोय : गाडीच्या गिअर बॉक्समधलं ऑइल.

मी बी.कॉम. झालेला, जन्म बँकेत घालवलेला माणूस, इंजिनिअर नव्हे. पण कागदावर लिहिलेल्या अटी वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय बँकेनं लावली. माझं मतही त्या सवयीतूनच आलंय. गिअर ऑइल कुठलं घालायचं हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. तेच घालावं. मेस्त्रींची सवय, डब्याची किंमत आणि शेजाऱ्यांचा सल्ला, तिन्ही त्याच्या नंतर.

तुम्ही म्हणाल, आम्ही वर्षानुवर्षं मेस्त्रींनाच विचारत आलो की! होय, मीसुद्धा. आमच्या तरुणपणी रस्त्यावर गाड्या किती प्रकारच्या होत्या? अँबेसेडर, फियाट आणि जीप. तिन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. त्यांच्या मागच्या डिफरन्शियलमधले गिअरचे दात एकमेकांवर घासत, सरकत फिरतात आणि सगळा भार त्यांच्यावर येतो. तिथं जास्त दाब सोसणारं घट्ट ऑइल लागायचंच. ‘नाइन्टी टाका’ हे वाक्य त्या काळातलं, आणि त्या काळापुरतं बरोबर.

१९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी घरोघरी पोचली. अशा गाडीत गिअर बॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात, आणि आडव्या इंजिनाच्या गाडीत दातांची रचनाही वेगळी, कमी घासणारी. गाडी बदलली, पण गॅरेजातलं वाक्य मात्र तेच राहिलं.

आता डब्यावरचे आकडे. जीएल-४ आणि जीएल-५ या दोन ग्रेड. पुष्कळांना वाटतं, चारापेक्षा पाच वरचढ. स्केल टूवरून स्केल थ्रीला बढती मिळाल्यासारखं. तसं नाही. ही बढती नव्हे, दुसऱ्या खात्यात बदली आहे. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात, ती डिफरन्शियलच्या त्या घासणाऱ्या दातांसाठी. मॅन्युअल गिअर बॉक्समध्ये मात्र सिंक्रोनायझरच्या रिंगा असतात, बऱ्याच गाड्यांत पितळेच्या. गिअर बदलताना ही रिंग घर्षणानं पकड घेते, दोन्ही भागांचा वेग सारखा करते आणि मग गिअर अलगद पडतो. ऑइल फार निसरडं असेल तर रिंगेला पकड मिळत नाही, गिअर खरखरतो. शिवाय त्यातली काही रसायनं पितळेला हळूहळू खातात. काही नवी जीएल-५ ऑइलं पितळेला त्रास न देणारी असतात हेही खरं. पण ती आपल्या गाडीला चालतात की नाही, हे पुस्तकानं सांगावं, दुकानदारानं नव्हे.

दुसरा आकडा दाटपणाचा : ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९०. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरम झाल्यावरचा. आणि इंजिन ऑइलच्या आकड्यांशी याची तुलना करू नका, ती मोजपट्टीच निराळी. नव्वदचं गिअर ऑइल गरम झाल्यावर साधारण चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. काही कंपन्या तर मॅन्युअल गिअर बॉक्सला स्वतःचं खास पातळ ऑइलच सांगतात. तिथं ‘नाइन्टी’ घालून कसं चालेल?

माझ्या मेहुण्यांच्या गाडीचं उदाहरण सांगतो. एका गॅरेजात ‘जरा हेवी टाकतो, आवाज कमी होईल’ म्हणून ऑइल बदललं. आवाज कमी झालाही. पण डिसेंबरात सकाळी सकाळी दुसरा गिअर पडेना. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर पडायचा. पुन्हा दाखवलं तर निदान आलं की सिंक्रो गेली, बॉक्स खोलावा लागेल. आम्ही पुस्तक काढलं, त्यातलं ऑइल आणून घातलं, आणि गिअर सुतासारखा पडू लागला. प्रत्येक वेळी असं होईल असं नाही. झिजलेली रिंग ऑइलनं भरून येत नाही. पण दोनेक लिटर ऑइल आधी तपासायचं की आख्खा बॉक्स आधी खोलायचा, याचा हिशेब करायला बी.कॉम.सुद्धा लागत नाही. आणि जाड ऑइलनं आवाज दबतो तेव्हा कित्येकदा बेअरिंगची तक्रारच दबलेली असते.

आपल्यापैकी पुष्कळांची मुलं पुण्याला, बेंगळूरला, नाहीतर साता समुद्रापार. घरात दोघंच. लग्नामुंजीला गोव्याला जायचं तर चोर्ला, सावंतवाडीकडं आंबोली. पावसात घाट उतरताना खालचा गिअर वेळेवर पडला नाही, तर सगळा भार ब्रेकवर येतो. आपल्या वयात त्या वळणावर हिसका देत बसायला हातात जोर नसतो आणि वेळही नसतो. कुणाच्या तोंडाकडं न बघता गाडी काढायची, हे आपलं उरलेलं स्वातंत्र्य आहे. म्हणून एवढं लिहितोय.

मेस्त्रींचा मान मी कमी करत नाही. हात त्यांचाच चालतो. पण काय घालायचं ते आपण कागदावर लिहून द्यावं : ग्रेड, दाटपणा, किती लिटर आणि किती किलोमीटरनंतर. डबा आपल्यासमोर उघडायला सांगावा आणि बिलावर नाव लिहून घ्यावं. व्हाउचरशिवाय पैसे नाहीत! ऑइल गाडी जरा फिरवून कोमट असताना काढावं. आणि भरायचा बोल्ट सुटतोय ना, हे आधी बघावं, मगच खालचा काढावा. नाहीतर जुनं ऑइल गेलं आणि नवं घालता येईना, अशी गत. खालच्या बोल्टला काळी बारीक पेस्ट लागलेली असेल तर घाबरू नका. धातूचे तुकडे दिसले तर मात्र मेस्त्री सांगतील ते ऐका.

पुस्तक हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळतं. नातवंडांना सांगा, दोन मिनिटांत काढून देतील. वाचून दोन ओळी वहीत उतरवा, आणि ती वही गाडीच्या खणात, विम्याच्या कागदांशेजारी ठेवा.